आयगेनव्हॅल्यू जपणारी रूपांतरणं: या चुका टाळा

रत्नागिरीत एमएस्सीच्या मुलांना गणपतीच्या सुट्टीनंतरच्या सेमिनारसाठी मी हा विषय आवर्जून देते. प्रश्न असा: कोणत्या रेषीय (बेरीज आणि आकड्यानं गुणणं जपणाऱ्या) रूपांतरणांत प्रत्येक मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या चौकटीच्या, आयगेनव्हॅल्यू (काही खास दिशांना ती ज्या पटीनं ताणते ते आकडे) जशाच्या तशा राहतात? कॉम्प्लेक्स चौरस मॅट्रिक्ससाठी मार्कस आणि मॉइल्स या गणितज्ञांनी १९५९ मध्ये उत्तर दिलं. इन्व्हर्स (जिच्याशी गुणल्यावर आयडेंटिटी, म्हणजे कर्णावर १ आणि बाकी ० असलेली मॅट्रिक्स, मिळते ती) असलेली एक ठरावीक मॅट्रिक्स 'स' घ्यायची. मग रूपांतर करायच्या मॅट्रिक्सला, म्हणजे 'अ'ला, डावीकडून 'स'नं आणि उजवीकडून 'स'च्या इन्व्हर्सनं गुणायचं, किंवा आधी 'अ'चा ट्रान्सपोज (ओळींचे स्तंभ करून मिळणारी मॅट्रिक्स) घेऊन तेच करायचं. बस, तिसरा प्रकार नाही.

सगळ्यात जास्त गडबड या ट्रान्सपोजपाशी होते. मुलं म्हणतात, "मॅडम, प्रत्येक मॅट्रिक्स आपल्या ट्रान्सपोजशी सिमिलर (कुठल्यातरी 'स' आणि त्याच्या इन्व्हर्सनं गुणून एकीची दुसरी होणारी) असतेच, मग दुसरा प्रकार पहिल्यातच आला की!" पहिलं वाक्य खरं आहे, निष्कर्ष चुकीचा. तिथला 'स' प्रत्येक 'अ'साठी वेगळा निघतो. प्रमेयाला सगळ्यांसाठी एकच 'स' हवा. तसा असता तर 'अब'चा ट्रान्सपोज म्हणजे 'अ'चा ट्रान्सपोज गुणिले 'ब'चा, त्याच क्रमानं, असं आलं असतं. पण ट्रान्सपोज क्रम उलटवतो. म्हणजे सगळ्या मॅट्रिक्स एकमेकींशी कम्यूट करायला (कुठल्याही क्रमानं गुणल्या तरी तेच उत्तर द्यायला) हव्यात, आणि २×२ पासूनच ते खोटं ठरतं. हा युक्तिवाद मला फार आवडतो. फळ्यावर तो पूर्ण लिहाच.

प्रश्नातला 'रेषीय' हा शब्द गाळणं ही या चुकीचीच बहीण. प्रत्येक 'अ'ला मनाला येईल तो 'स' लावला तरी आयगेनव्हॅल्यू टिकतात, पण मग रूपांतरणाला काही आकारच उरत नाही.

उदाहरण तपासताना फक्त त्रिकोणी (कर्णाच्या एका बाजूला सगळी शून्यं असलेल्या) मॅट्रिक्स घेऊ नका. कर्ण ठेवून बाकी सगळं शून्य करणारं रूपांतरण तिथे बिनचूक दिसतं. त्याला कर्णावर ० आणि बाहेर १ असलेली २×२ मॅट्रिक्स द्या: आयगेनव्हॅल्यू १ आणि −१ होत्या, उरलं नुसतं शून्य.

डिटरमिनंट (सगळ्या आयगेनव्हॅल्यूंचा गुणाकार) जपला म्हणजे आयगेनव्हॅल्यू जपल्या, असंही नाही. फ्रोबेनियस या गणितज्ञानं १८९७ मध्ये दाखवलं की डिटरमिनंट जपणारी रेषीय रूपांतरणं 'अ'ला (किंवा त्याच्या ट्रान्सपोजला) दोन बाजूंनी दोन वेगळ्या मॅट्रिक्सनी गुणतात. त्या दोघींच्या गुणाकाराचा डिटरमिनंट १ असला की झालं. अडलात तर आयडेंटिटी कुठे जाते ते आधी पाहा. ती स्वतःवरच गेली, तर त्या दोन मॅट्रिक्स एकमेकींच्या इन्व्हर्स ठरतात आणि आयगेनव्हॅल्यूही टिकतात.

रँकचंही तसंच: रो ऑपरेशननं (ओळींची अदलाबदल, बेरीज वगैरे) रँक, म्हणजे स्वतंत्र ओळींची संख्या, टिकतो, आयगेनव्हॅल्यू नाही.

रिअल सिमेट्रिक (वास्तव आकड्यांच्या, स्वतःच्या ट्रान्सपोजइतक्याच असलेल्या) मॅट्रिक्सवर काम करत असाल तर मात्र कुठलाही 'स' चालत नाही. उत्तर नेहमी सिमेट्रिकच यायचं, तर 'स' ऑर्थोगोनल मॅट्रिक्सची (जिचा ट्रान्सपोज हाच तिचा इन्व्हर्स) पट असावी लागते. ट्रान्सपोजचा वेगळा प्रकार तिथे उरतच नाही.