बोटीवरील जीपीएस अँटेना वारंवार दगा देतो? या चुका टाळा

बोटीची स्थिती चार्टप्लॉटरवरून (बोटीवरील नकाशाच्या पडद्यावरून) अधूनमधून नाहीशी होऊ लागली की पहिला संशय अँटेनावर जातो आणि कसलीही तपासणी न करता नवा अँटेना मागवला जातो. तो बसवल्यावर बिघाड थोडे दिवस दबून राहतो आणि पुन्हा डोके वर काढतो, कारण दोष बऱ्याचदा अँटेनाच्या आत नसून केबलमध्ये, वीजपुरवठ्यात किंवा शेजारच्या एखाद्या उपकरणात असतो. एआयएस (आपली बोट इतर जहाजांना दाखवणारी यंत्रणा) आणि व्हीएचएफ रेडिओवरून बटण दाबून जाणारा डिजिटल, म्हणजे डीएससी, संकटसंदेश हेही पुष्कळदा याच स्थितीवर विसंबून असतात, त्यामुळे अंदाजाने सुटे भाग बदलत राहणे धोक्याचे आहे.

दुसरी चूक म्हणजे बिघाड नेमका कधी होतो याची नोंद न ठेवणे. इंजिन सुरू करताना, पाऊस पडून गेल्यावर, बोट जोरात हेलकावे खात असताना की रेडिओवर बोलताना, एवढे वेळेसह लिहून ठेवले तरी शोधाचे क्षेत्र पुष्कळ आटोपते. सोबत रिसीव्हरवरचे उपग्रहांचे पान पाहावे. मोकळ्या आकाशाखाली बहुतेक उपग्रहांची सिग्नल पातळी ४० डीबी-हर्ट्झच्या आसपास किंवा वर असायला हवी. सगळेच उपग्रह एकदम क्षीण दिसत असतील तर केबल, अँटेना किंवा बाहेरचा व्यत्यय यांचा विचार करावा. आकाशाच्या एकाच बाजूचे उपग्रह गायब असतील तर तिकडे काहीतरी आड येत आहे. आणि पातळी उत्तम असूनही बोट नकाशावर नेहमी ठरावीक अंतराने सरकलेली दिसत असेल, तर नकाशाची आधारप्रणाली जीपीएस वापरते तीच, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, आहे का हे तपासावे, अँटेनाला हात लावू नये.

सर्वाधिक वेळ द्यावा तो कनेक्टरला. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारा हा सिग्नल खाली पोहोचेपर्यंत उणे १३० डीबीएमच्या आसपास उरतो, म्हणजे इतका क्षीण की जोडातला थोडासा गंजही त्याला पुरेसा मारक ठरतो. बाहेरून स्वच्छ दिसणारा कनेक्टर उघडला की पुष्कळदा मधल्या तारेभोवतीच्या तांब्याच्या जाळीवर हिरवट कळंक चढलेला आणि मधली तार काळवंडलेली आढळते. जाळी वातीप्रमाणे पाणी शोषून घेते, त्यामुळे केवळ टोक छाटून नवा कनेक्टर बसवणे पुरत नाही; आवरण सोलत मागे जावे, आणि हातभर मागे गेल्यावरही चकचकीत तांबे दिसत नसेल तर संपूर्ण केबल बदलावी. तारा पिळून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळणे हे तर नव्या बिघाडाला दिलेले आमंत्रणच आहे. जोडावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मात्र वापरू नये, कारण त्यातून सुटणारे आम्ल तांब्याला खाते.

वीजपुरवठा तपासतानाही एक चूक हमखास होते: व्होल्टेज फक्त रिसीव्हरजवळ मोजले जाते. अँटेनाच्या आतील प्रवर्धकाला (अॅम्प्लिफायरला) केबलच्या मधल्या तारेतूनच, सहसा ३.३ किंवा ५ व्होल्ट वीज मिळते, म्हणून ती केबलच्या अँटेनाकडील टोकाला मोजावी. मोजताना मल्टिमीटरच्या टोकाने मधली तार आणि जाळी एकमेकांना टेकणार नाहीत याची काळजी घ्यावी. त्याचबरोबर इंजिन सुरू करण्याच्या क्षणी बॅटरीचे व्होल्टेज किती घसरते हेही पाहावे. अँटेना एनएमईए २००० या बोटीवरील उपकरणे जोडणाऱ्या जाळ्यावर (नेटवर्कवर) असेल तर जाळ्याची वीज बंद करून दोन्ही डेटा तारांमधील रोध मोजावा: तो ६० ओहमच्या जवळ हवा. १२० आला तर एका टोकाचा टर्मिनेटर (जाळ्याच्या टोकाला लावायचा रोधक) गेला आहे किंवा कधी बसवलाच गेला नाही.

बाहेरच्या व्यत्ययाचा शोध मात्र चिकाटी मागतो. बोटीवरील जीपीएस वगळता सगळी उपकरणे बंद करावीत, पातळी स्थिरावू द्यावी आणि मग एकेक उपकरण सुरू करत प्रत्येक वेळी उपग्रहांचे पान पाहावे. उपग्रह फोन यात विशेष संशयित, कारण त्याचे प्रक्षेपण जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झपासून फार दूर नसते. प्रवर्धक असलेला टीव्ही अँटेनाही निरुपद्रवी समजू नये: २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग बंदरात अशाच अँटेनांमुळे बंदरभर जीपीएस निकामी झाले होते. म्हणजेच दोषी उपकरण शेजारच्या बोटीवरही असू शकते, आणि धक्क्यापासून दूर गेल्यावर बिघाड आपोआप थांबत असेल तर तीच शक्यता दाट.

जागा निवडताना अँटेना डोलकाठीच्या टोकावर चढवण्याचा मोह टाळावा. तिथे तो बोटीच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर झोके घेतो आणि वेग व दिशा यांचे आकडे अकारण नाचू लागतात. आकाश मोकळे दिसणारी, रडारच्या झोताबाहेरची आणि व्हीएचएफ अँटेनापासून किमान एक मीटर दूर असलेली खालची जागा अधिक चांगली. अँटेनाच्या घुमटावर रंग देऊ नये.

स्थिती बरोबर पण तारीख जवळपास वीस वर्षांनी मागे, असे दिसले तर तो अँटेनाचा दोष नव्हेच. जीपीएसचा आठवड्यांचा गणक १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, तसा तो एप्रिल २०१९ मध्ये आला होता, आणि जुन्या रिसीव्हरांना ते पेलवत नाही.

एवढे करूनही दोष राहिला, तर त्याच प्रकारचा आणि त्याच व्होल्टेजचा चालू स्थितीतला अँटेना तात्पुरत्या केबलने थेट रिसीव्हरला जोडून पाहावा. त्यावर पातळी सुधारली, तर जुना अँटेना त्याच तात्पुरत्या केबलवर लावावा, म्हणजे दोष केबलचा की अँटेनाचा याचा निवाडा होतो. नवा अँटेना बसवल्यावर बोट मोकळ्या आकाशाखाली पंधरा-वीस मिनिटे उभी ठेवावी, कारण बराच काळ बंद असलेल्या रिसीव्हरला उपग्रहांचे संपूर्ण पंचांग (सगळ्या उपग्रहांच्या कक्षांची माहिती) उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात आणि तोवर दिसणाऱ्या अर्धवट चित्रावरून नवा अँटेनाही सदोष ठरवला जाण्याची शक्यता असते.