थंडी सरताना बागेची फेरी: पंप पाठीवर घेण्याआधी काय पाहावे

पहाटे बागेत शिरले की चपला दवाने भिजतात आणि दुपारी त्याच वाटेवर अनवाणी पाय टाकवत नाही, असे दिवस आता लागले आहेत. रात्र अजून हिवाळ्याची आहे, दुपार उन्हाळ्याकडे झुकली आहे. या तीन-चार आठवड्यांत झाडाला पालवी फुटते, मोहोर येतो, मावा (कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारे बारीक किडे) वाढतो आणि भुरीही (पानांवरची पांढरी बुरशी) पसरते. सगळे एकदम सुरू होते म्हणून माणूस घाबरतो आणि दिसेल त्यावर फवारा मारतो. माझे सांगणे एवढेच की या दिवसांत पंपाच्या आधी वही काढा.

वहीसोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक पांढरा कागद घ्या. फेरी रोज एकाच वेळी, एकाच वाटेने मारा, म्हणजे कालच्यापेक्षा काय बदलले ते डोळ्यांना आपोआप खटकते. किमान आणि कमाल तापमान, दव किती वाजता उडाले, कोणत्या झाडाला पहिली पालवी आली, कोकीळ पहिल्यांदा कधी ओरडला, एवढे लिहिले तरी पुरे. इंग्लंडमधले रॉबर्ट मार्शम हे जमीनदार १७३६ पासून अशाच नोंदी ठेवत: पहिले पान, पहिले फूल, कोकिळेची पहिली साद. पुढे त्यांच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालवल्या आणि बदलत्या हवामानाच्या अभ्यासाला आज त्याच कामी येतात. आपल्याला दोनशे वर्षांची गरज नाही. तीन हंगामांची वही झाली की चौथ्या वर्षी कोणती कीड कशाच्या पाठोपाठ येते ते बरेचसे कळू लागते.

तारखेपेक्षा ऊब महत्त्वाची, हे १७३५ मध्येच फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी मांडले होते. पीक दिवस मोजत नाही, साठलेली उष्णता मोजते. हिशेब सोपा आहे. दिवसाचे कमाल ३० आणि किमान १४ अंश असेल, तर सरासरी २२. ज्या पिकाची वाढ १० अंशांखाली थांबते त्याच्या खात्यात त्या दिवशी १२ अंश जमा झाले. गारठ्याच्या दिवसात कमाल २४ आणि किमान ८ असेल तर जमा फक्त ६. म्हणजे आताचा एक दिवस तेव्हाच्या दोन दिवसांचे काम करतो. माव्याच्या पिढ्याही याच गतीने वाढतात, म्हणून रोजच्या फेरीत माव्यासाठी शेंडे निरखणे थंडीत आठवड्यातून एकदा पुरत असले तरी आता ते दोन दिवसांआड हवे.

काकडी, दोडका, भोपळा लावायचा असेल तर सकाळी आठच्या सुमारास साध्या थर्मामीटरने बोटभर खोलीवरच्या मातीचे तापमान पाहा. ते सलग चार-पाच दिवस १८ अंशांच्या वर राहिले की बी टोका. त्याआधी घाई केली तर बी जमिनीत कुजते आणि दोष बियाण्याला लागतो. उगवल्यावर दोन पानांच्या अवस्थेत लाल भुंगेरे येतात आणि कोवळ्या पानांची चाळण करतात. भुंगेरे गारठ्यात सुस्त असतात. ऊन चढण्याआधी गेलात तर ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. दुपारी तेच काम अशक्य, जवळ जाताच उडतात.

आता माव्याकडे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माझी स्वतःची एक सांगतो. वालाच्या शेंड्यावर मावा दाटला होता आणि त्यात काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी पाठीच्या लांबट अळ्या फिरत होत्या. दिसायला इवल्याशा मगरीच. मला वाटले ही नवीच कीड. दोन रांगा फवारल्या. आठवड्याने मावा दुप्पट होता आणि ती मगर कुठेच नव्हती. नंतर कळले, ती ढालकिड्याची अळी. तो लाल ठिपकेदार गोल किडा सगळ्यांना ओळखू येतो, पण त्याची अळी त्याच्यासारखी मुळीच दिसत नाही आणि मावा खाण्यात तीही तेवढीच खादाड असते.

म्हणून मावा दिसला की शेंडा भिंगाखाली धरा. ढालकिड्याची पिवळी, उभी, पुंजक्यातली अंडी आहेत का? पाय नसलेली, हिरवट, जळूसारखी सरकणारी अळी आहे का? ती सिरफिड माशीची, तीही माव्यावरच जगते. फुगलेले, तपकिरी, चकचकीत, न हलणारे मावे दिसले आणि एखाद्याच्या पाठीला गोल भोक असले, तर आत परजीवी गांधीलमाशी वाढून बाहेर पडली असे समजा. यातले काहीही दिसले तर चार दिवस थांबा. त्याच फांदीला दोरा बांधा आणि चौथ्या दिवशी पुन्हा मोजा. मावा उतरला नसेल तर पाण्याचा जोरदार फवारा किंवा ५ टक्के निंबोळी अर्क, तोही फक्त त्या शेंड्यांवर. मादी नराशिवायच थेट पिल्ले देते, त्यामुळे निम्मा मावा मेला तरी तो लवकर भरून निघतो. शेंड्यावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याच्या शत्रूंना हुसकावतात.

मिरचीची पाने वळलेली दिसली की सरसकट बोकड्या (पाने आकसण्याचा रोग) म्हणून एकच औषध मारले जाते. पान कोणत्या बाजूला वळले ते पाहा. कडा वर, होडीसारख्या उचललेल्या असतील तर फुलकिडे. कडा खाली, उलट्या होडीसारख्या आणि पानाचा देठ लांबलेला असेल तर कोळी, म्हणजे जाळे विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारीक आठपायी जीव. फुलकिड्यांसाठी शेंडा पांढऱ्या कागदावर दोन-तीनदा आपटा, पिवळसर बारीक काड्या धावताना दिसतील. कोळी मात्र भिंगाशिवाय दिसत नाही, तो कीटकच नाही, त्यामुळे नेहमीच्या बऱ्याच कीटकनाशकांना दाद देत नाही. इथे चुकीचे औषध मारले तर पैसे जातातच, शिवाय कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरून तो उलट वाढतो.

भुरीबद्दल एक गैरसमज आहे. बहुतेक बुरशींना रुजायला पानावर पाणी लागते, भुरीला लागत नाही. कोरडी दुपार आणि गार, दमट रात्र तिला पुरते, म्हणजे नेमके हे दिवस. वाटाणा, वेलवर्गीय भाज्या, आंब्याचा मोहोर यांची सावलीतली बाजू आधी पाहा. पिठाची चिमूट सांडल्यासारखे डाग दिसताच रोगट पाने काढा आणि पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात मारा. मात्र पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल तर गंधक नको, पाने भाजतात. वेलवर्गीय पिके याबाबत फार नाजूक, आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी पाहा. निंबोळी तेल किंवा कुठलेही तेल मारले असेल तर दोन आठवडे गंधकाला हात लावू नका.

आंब्याखाली उभे राहून नुसते ऐका. खोडावर हात आपटला की सालीच्या फटींतून तुडतुडे पावसाच्या थेंबांसारखे टपटपत उडाले, तर ते थंडीत तिथेच दडून होते आणि आता मोहोराकडे निघाले आहेत. उपाय करायचा तो मोहोर कळीत असताना. फुले उमलली की फवारा बंद. परागकण वाऱ्याने फारसे जात नाहीत, ते काम माश्या आणि मधमाश्या करतात. मोहोरात फुले हजारांनी असली तरी त्यातली बरीच नुसती नर असतात. उरलेल्यांना माशी मिळाली नाही तर मोहोर भरगच्च आणि झाड रिकामे. फुलकोबीसारखा आखूड, दाट गुच्छ दिसला तर तो विकृत मोहोर आहे. तो १५-२० सेंटिमीटर निरोगी फांदीसह कापा आणि बागेबाहेर नेऊन जाळा, झाडाखाली टाकू नका.

इतर पिकांवर फवारणी टाळताच येत नसेल तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा. सकाळी दव असताना करू नका, औषध पातळ होऊन ओघळते. बागेच्या कोपऱ्यात उथळ ताटात खडे आणि पाणी ठेवा. हवा कोरडी होत चालली की मधमाश्यांना पाणी लागते आणि खडे नसले तर त्या बुडतात.

जुनी पाने पिवळी पडून गळताहेत म्हणून खत टाकायला धावू नका. ही गळ बहुतेक झाडांची रीत आहे. आंब्याची, पिंपळाची तांबूस पालवीही आजारी नसते, हिरवे व्हायला तिला थोडे दिवस लागतात. लक्ष द्यायचे ते वेगळ्या खुणांकडे. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडते आहे. जुन्या पानाच्या शिरांमधली जागा पिवळी असेल तर मॅग्नेशियम. गळालेली निरोगी पाने जाळू नका. खोडापासून वीतभर अंतर सोडून चार बोटे जाड आच्छादन करा.

पाणी किती द्यायचे ते पृष्ठभाग पाहून ठरवू नका, वरची माती आता दुपारपर्यंत वाळलेलीच दिसणार. वीतभर खोलची माती मुठीत आवळा. गोळा होऊन बोटाने टोचल्यावर फुटत नसेल तर थांबा, गोळाच होत नसेल तर उशीर झाला आहे. आंब्याला मोहोराच्या काळात पाणी तोडलेले असेल तर फळे वाटाण्याएवढी झाल्यावरच सुरू करा, एकदम पाट भरू नका.

छाटणी राहिली असेल तर कात्री लावण्याआधी फांद्या हाताने बाजूला करून आत डोकवा. बुलबुल या दिवसांत कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर, दाट झुडपात वाटीएवढे घरटे करतो. गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची दोन-तीन अंडी असतात. उबवायला साधारण दोन आठवडे आणि पिल्ले उडायला आणखी तेवढेच. त्या काळात ही जोडी पिल्लांसाठी दिवसभर अळ्या वेचत असते. त्या फांदीला लाल चिंधी बांधा, वहीत तारीख टाका आणि ते झुडूप महिनाभराने छाटा.