डीएमआर सेट कसा वापरायचा: बटण दाबण्याआधी आणि दाबल्यावर

वॉकीटॉकीत शिकण्यासारखं काय असतं, बटण दाबायचं आणि बोलायचं, असं मलाही वाटायचं. ॲनालॉग सेटवर बरीच वर्षं काढली होती, मग सगळे सेट डिजिटल, म्हणजे डीएमआर झाले आणि पहिल्याच आठवड्यात क्रेनचा किस्सा घडला. मी खालून क्रेनवाल्याला सांगितलं, "अजून खाली सोडू नको." घाईत 'नको' तोंडातून बाहेर पडेपर्यंत बोट बटणावरून उठलं होतं, त्याला ऐकू गेलं "अजून खाली सोड…" आणि त्या बिचाऱ्याने ऐकलं तसं केलं. खाली कोणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. ॲनालॉगवर सिग्नल कच्चा असला की खरखर यायची, समोरचा सावध व्हायचा, परत विचारायचा. डिजिटलवर तुटलेलं वाक्यसुद्धा पूर्ण वाक्यासारखं स्वच्छ ऐकू येतं. खाली जे काही लिहिलंय त्यातलं निम्मं याच एका गोष्टीमुळे आहे.

आधी थोडं आतलं

डीएमआर म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ, एट्सी या युरोपियन संस्थेने २००५ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेलं स्टँडर्ड. यात १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलमध्ये वेळेचे तुकडे पाडून दोन संभाषणं बसवतात, एकाला स्लॉट १ म्हणायचं आणि दुसऱ्याला स्लॉट २. एकेक तुकडा ३० मिलिसेकंदांचा, एक तुमचा एक दुसऱ्याचा, असं आलटून पालटून. म्हणजे तुम्ही बटण दाबून धरलं तरी सेट खरं तर निम्माच वेळ ट्रान्समिट करतो आणि म्हणून बॅटरी ॲनालॉगपेक्षा जास्त टिकते. तुमचा आवाज सेकंदाला २४५० बिट्समध्ये कोंबलेला असतो, वर अजून ११५० बिट्स चुका दुरुस्त करायला. एवढ्याशा जागेत माणसाचं बोलणं कसंबसं मावतं, त्यामुळे मागे जनरेटर, वारा नाहीतर गाणी चालू असली की सेट त्यालाही माणसाचा आवाज समजून काहीतरी भलतंच बनवतो.

दुसरं म्हणजे चॅनल. नॉब फिरवून '५' वर आणला म्हणजे नुसती फ्रिक्वेन्सी बदलली असं समजू नका, त्या पाचमध्ये फ्रिक्वेन्सी, कलर कोड (नावात रंग असला तरी ० ते १५ पैकी एक आकडा), स्लॉट आणि टॉकग्रुप (कुठल्या गटाशी बोलायचं ते) असं चौघांचं गाठोडं असतं. यातलं एक जरी चुकलं तरी दोन सेट शेजारी शेजारी ठेवूनही एकमेकांचं ऐकत नाहीत. "लाल दिवा लागतोय पण कोणी उत्तर देत नाही" ही तक्रार दहापैकी आठ वेळा इथेच मिटते, निदान माझ्याकडे तरी. आणि हे प्रोग्रॅमिंग स्वतःच्या मनाने बदलायचं नाही हं, केबल आणि सॉफ्टवेअर मिळालं म्हणून कुठलीही फ्रिक्वेन्सी टाकली तर ती दुसऱ्याच कोणाची तरी निघू शकते, बहुतेक सेटना लायसन्स लागतं आणि त्यात दिलेली फ्रिक्वेन्सी आणि पॉवर तेवढीच वापरायची असते.

सेट हातात घेतल्यावर

बॅटरी लागल्याचा टक्क आवाज आला का बघा. अँटेना हाताने घट्ट फिरवून बघा, पण पक्कड लावू नका. अँटेनाशिवाय बटण कधीही दाबायचं नाही, बाहेर जायला जागा नसलेली पॉवर परत आत येते आणि आतला ॲम्प्लिफायर जाऊ शकतो. मग सेट चालू करा, झोन (म्हणजे चॅनलचा गट) आणि चॅनल मोठ्याने वाचा (मनात वाचलं की चुकीचंही बरोबर वाटतं), आवाज वाढवा, आणि कामाला निघायच्या आधी एकदा रेडिओ चेक करा. तोही शेजारच्या माणसाबरोबर करू नका, जिथून तुम्हाला खरोखर बोलायचंय तिथून, ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी.

स्कॅन चालू आहे का तेही बघून ठेवा. स्कॅनवर असताना तुम्हाला तीन चॅनलचं ऐकू येतं, पण तुम्ही उत्तर दिलंत की ते कुठल्या चॅनलवर जाईल हे सेट कसा लावलाय त्यावर असतं. चुकीच्या ग्रुपला उत्तर देऊन मग पाच मिनिटं सॉरी म्हणत बसलेली माणसं मी पाहिलीत. नवीन असाल तर स्कॅन बंदच बरा.

बोलताना

पहिले ऐका. कोणी बोलत असेल तर थांबा. मग पीटीटी (बोलायचं बटण) दाबा आणि लगेच बोलू नका, सेट आधी रिपीटरला (तुमचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं यंत्र) उठवतो, जागा मिळाली की बीप देतो, ती बीप ऐकून मग तोंड उघडायचं. बीप बंद केलेली असेल तर मनात "एक" म्हणा आणि मग सुरू करा. बीपऐवजी नाराज झाल्यासारखा जाड आवाज आला तर चॅनल बिझी आहे किंवा रिपीटर पोचत नाहीये. तेव्हा बटण दाबत राहून काही होत नाही.

माइक तोंडापासून दोन ते पाच सेंटिमीटर, जरासा तिरका, म्हणजे श्वासाचा फुसफुस आवाज जात नाही. ओरडू नका. ॲनालॉगवाल्यांची ही सवय जाता जात नाही, पण आवाज फाटला की तो कोंबणारा प्रोग्रॅम अजूनच गोंधळतो, नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश, बास. वारा असेल तर त्याच्याकडे पाठ करा.

बोलून झालं की लगेच बोट उचलू नका, अर्धा सेकंद धरून ठेवा. माझा 'नको' तिथेच गेला होता.

फार लांबलचक पण बोलू नका, सेटमध्ये टाइमआउट असतो, बऱ्याचदा ६० सेकंदांवर लावलेला, तो आला की सेट तुम्हाला मध्येच तोडतो आणि तुम्ही मात्र बटण धरून बोलतच असता. शिवाय तुम्ही बोलत असताना तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, कोणाला "आग" असं ओरडायचं असलं तरी तुमच्यामुळे तो अडकतो. म्हणून दोन-तीन वाक्यं झाली की बटण सोडून एक श्वास घ्यायचा, तेवढ्यात ज्याला घुसायचंय तो घुसतो.

काय बोलायचं (मराठीतून)

इंग्रजी पुस्तिकांमध्ये हे सापडत नाही, पण आपली भाषा रेडिओवर जरा दगा देते. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो: येऊ नका, सोडू नको, चालू करायचं नाही. आणि शेवटच नेमका कापला जातो. म्हणून नकार पुढे घ्या आणि दोनदा घ्या: "थांबा, थांबा. सोडू नका." समोरच्याला फक्त पहिला शब्द मिळाला तरी तो काही उलटं करणार नाही. नुसतं "हो" पण टाळा, इतका छोटा शब्द बीप आणि बोटाच्या गडबडीत हरवतो, "होय, सोडा" म्हणा.

आकडे तर विचारूच नका. बावीस की बत्तीस, बासष्ट की बाहत्तर, एकोणसत्तर की एकोणऐंशी, समोर उभ्या माणसाला पण दोनदा विचारावं लागतं. मग एकेक अंक सांगायचा, सहा नऊ, सात नऊ. पण त्यातही गंमत आहे, "चार पाच माणसं पाठवा" म्हटलं तर पंचेचाळीस की साधारण चार किंवा पाच? म्हणून आम्ही आधी 'आकडा' म्हणतो: "आकडा चार पाच, पंचेचाळीस." वेळेचंही तसंच, "पावणेचार" मधला 'पावणे' गेला की सरळ चार वाजतात, त्यापेक्षा "तीन पंचेचाळीस" बरं.

बोलवायची पद्धत सोपी: आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग तुमचं. "गेट दोन, कंट्रोल बोलतोय." नाव ऐकलं की माणूस कान देतो, मग पुढचं. रॉजर म्हणजे ऐकलं, समजलं. रॉजर म्हणजे 'हो' नव्हे, आणि 'करतो' तर नव्हेच. ओव्हर म्हणजे आता तुम्ही बोला, आऊट म्हणजे संपलं, त्यामुळे सिनेमातलं "ओव्हर अँड आऊट" म्हणजे बोला आणि बोलू नका. महत्त्वाची सूचना असेल तर समोरच्याकडून ती परत म्हणवून घ्या. त्याने "रॉजर" म्हटलं म्हणून बरोबर ऐकलं असं नसतं, माझा क्रेनवाला पण रॉजरच म्हणाला होता.

अजून एक, डिजिटल आहे म्हणजे खासगी आहे असा खूप जणांचा समज असतो. एन्क्रिप्शन (आवाजाला लावलेलं डिजिटल कुलूप) लावलेलं नसेल तर दुसरा कोणीही डीएमआर सेट घेऊन ऐकू शकतो. लोकांची नावं, फोन नंबर, पैसे कुठे ठेवलेत हे हवेत सोडू नका. हॅमवाल्यांसाठी (हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांसाठी) तर एन्क्रिप्शनचा प्रश्नच बहुतेक देशांत येत नाही, आणि सेटचा आयडी आपोआप जातो म्हणून कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळालेली ओळख) तोंडाने सांगायचं सुटत नाही.

आवाज तुटायला लागला तर

रेंजच्या कडेला गेलात की शब्द रोबोटसारखे गुळगुळायला लागतात आणि मग एकदम शांतता, मधलं काही नाही. पहिला रोबोट ऐकला की तिथेच थांबा, अजून पुढे जाऊन बघू म्हणू नका. सेट उभा धरा, अँटेना वर. कमरेला लावलेला असेल तर हातात घ्या, अंग बरंच सिग्नल खातं. तरी नाही झालं तर एखादं पाऊल सरका. भिंतींवरून परतून आलेल्या लाटा एका जागी एकमेकींना मारतात आणि शेजारच्या जागी मारत नाहीत, ४५० मेगाहर्ट्झला लाटेची लांबी साधारण ६७ सेंटिमीटर असते, त्यामुळे फूटभर हललं तरी फरक पडतो. नाहीतर खिडकीकडे जा, उंच जा.

रिपीटरच बंद पडला असेल तर बऱ्याच सेटमध्ये टॉकअराउंड किंवा डायरेक्ट चॅनल दिलेला असतो, त्यावर सेट ते सेट बोलता येतं, रेंज कमी मिळते इतकंच. पण सगळ्यांनी त्याच चॅनलवर जायचं हे आधी ठरलेलं असलं पाहिजे, रिपीटर गेल्यावर ते सांगणार कशावरून?

जपून

बोलताना अँटेना चेहऱ्यापासून निदान अडीच सेंटिमीटर लांब, आणि एकूण वेळेच्या निम्म्यापेक्षा जास्त बोलत राहायचं नाही, हे हातातल्या सेटच्या पुस्तिकांमध्ये असतं आणि कोणी वाचत नाही. अँटेनाचं आवरण फाटलं असेल तर ती बदला, उघड्या धातूने बोलताना चटका बसतो. पेसमेकर असलेल्याने छातीच्या खिशात सेट ठेवायचा नाही आणि डॉक्टरांना विचारूनच वापरायचा.

गाडीतल्या सेटची पॉवर जास्त असते. १६ ते ३९ वॅटचा असेल तर बोलताना अँटेनापासून माणसं ६० सेंटिमीटर लांब हवीत, ४० किंवा त्याच्या वर असेल तर ९०. वायर थेट गाडीच्या बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीजवळ, आणि सेट किंवा माइक एअरबॅगच्या वाटेत नको, एअरबॅग फुटली तर तो तुमच्याच अंगावर येतो. चालवताना मेनू, मेसेज, कॉन्टॅक्ट शोधणं काही नाही, गाडी बाजूला घ्या.

गॅस, पेट्रोलची वाफ, स्फोटक धूळ असलेल्या जागी तिथल्यासाठी प्रमाणित केलेला सेटच न्यायचा, आणि तो असला तरी बॅटरी तिथे बदलायची नाही, बाहेर येऊन बदलायची. सुरुंगाच्या जागी इलेक्ट्रिक डेटोनेटर असतात, तिथे "रेडिओ बंद करा" असा बोर्ड दिसला की सेट खरोखर बंद करायचा, आवाज कमी करून भागत नाही.

सुटी बॅटरी खिशात किल्ल्या, नाण्यांबरोबर टाकू नका, शॉर्ट होऊन तापते. ओली बॅटरी चार्जरला लावू नका. सेटवर आयपी६७ लिहिलेलं असेल तर तो टिकतो १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही बाजूची रबरी झाकणं नीट बसवलेली असतील तरच.

इमर्जन्सी बटण

बहुतेकदा वर, नारंगी रंगाचं. ते दाबल्यावर तुमच्या सेटवर नक्की काय होतं हे आजच विचारून घ्या: काही सेट मोठ्याने किंचाळतात, काही गप्प राहून फक्त कंट्रोलला कळवतात, काहींचा माइक आपोआप काही सेकंद उघडा राहतो. आणि मुख्य म्हणजे पलीकडे ते बघायला कोणी बसलंय का? कोणी नसेल तर ते बटण नुसतंच नारंगी. सगळ्यांना सांगून एकदा दाबून बघा, बंद कसं करायचं तेही शिका. खरंच वेळ आली तर आधी जागा सांगा, मग काय झालं ते. सेट बोलता बोलता बंद पडला तरी माणसं कुठे धावायचं ते जाणतात.

काम संपल्यावर

सेट बंद करूनच चार्जरवर ठेवा आणि चार्जरवर असताना बोलू नका. बॅटरीचे पितळी टोक कोरड्या फडक्याने पुसा, चार्ज होत नाही म्हणून टाकून दिलेल्या बॅटऱ्यांमध्ये नुसत्या मळलेल्या पुष्कळ निघतात. बरेच दिवस वापरणार नसाल तर लिथियम बॅटरी साधारण अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवा.

आणि सेट हरवला तर लाजून दोन दिवस शोधत बसू नका, लगेच कळवा. बऱ्याच सिस्टिममध्ये कंट्रोलवरून हवेतूनच तो सेट निकामी करता येतो, पण त्यासाठी तो चालू आणि रेंजमध्ये असावा लागतो, आणि बॅटरी काही तुमच्यासाठी थांबत नाही.