न्यूरोसायन्समध्ये पीएचडी: लॅब निवडाल तशी संध्याकाळ मिळेल

न्यूरोसायन्सच्या पीएचडीला आपल्याकडे साधारण पाच-सहा वर्षे लागतात. ती कशी जातील हे कोणते तंत्र हातात घेता यावर फार अवलंबून असते, आणि प्रवेशाच्या गडबडीत नेमके तेच विचारायचे राहते.

पदवीच्या काळात एक उन्हाळा खऱ्या लॅबमध्ये काढा. विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप दोन महिन्यांची असते. अर्ज बरेच आधी निघतात, त्यामुळे दिवाळीपासूनच लक्ष ठेवा. पुढे सीएसआयआर-नेट ही संशोधन फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा वर्षातून दोनदा होते. टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) प्रवेश परीक्षा वेगळी. आयसर पुणे, बंगळुरूचे एनसीबीएस, मानेसरचे एनबीआरसी या संशोधन संस्थांच्या जाहिराती स्वतंत्रपणे पाहा. २०२३पासून जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलो) पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. हे पैसे बऱ्याचदा उशिरा, काही महिन्यांचे एकदम येतात. तीन महिन्यांचा खर्च आधीच बाजूला ठेवा.

आता लॅब. मुलाखतीला गेलात की सीनियर विद्यार्थ्यांना गाठा आणि एकच विचारा: तुमचा प्रयोगाचा दिवस किती वाजता संपतो?

पॅच क्लॅम्प (एकेका मेंदूपेशीतले विद्युत प्रवाह मोजण्याचे तंत्र) असेल तर सकाळी मेंदूचे काप घ्यायचे, ३२ ते ३४ अंशांवर अर्धा तास आणि मग खोलीच्या तापमानाला सुमारे तासभर ठेवायचे. रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंत दुपार होते. काप सहा ते आठ तास टिकतात, तेही द्रावणात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड अखंड सोडला तरच. सिलिंडर मध्येच संपला की दिवस वाया. अशा दिवशी संध्याकाळचा शब्द कुणाला देऊ नका; आठवड्यात दोन-तीनच दिवस असे ठेवा.

प्रायमरी कल्चरमध्ये, म्हणजे प्राण्याच्या मेंदूतून काढलेल्या पेशी बशीत वाढवण्याच्या कामात, मात्र वार तुमच्या हातात असतो. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातले न्यूरॉन (मेंदूपेशी) प्रयोगाला तयार व्हायला १४ ते २१ दिवस लागतात आणि दर तीन-चार दिवसांनी निम्मे माध्यम (पेशींचे पोषक द्रावण) बदलावे लागते. बुधवारी पेशी लावल्या तर पहिला बदल शनिवार-रविवारीच येतो. सोमवारी लावल्या तर गुरुवार-सोमवार हा फेरा बसतो, शिवाय १४वा आणि २१वा दिवसही सोमवारीच येतो. या पेशी भ्रूणांतून घेतात; त्यासाठी रॅटचे १८ दिवसांचे भ्रूण सोमवारी हवेत, म्हणजे रॅटची जोडी १९ दिवस आधीच्या बुधवारी संध्याकाळी एकत्र ठेवायची आणि गुरुवारची सकाळ गर्भाचा शून्यावा दिवस धरायची. प्राणिगृहाशी हे आधी बोलून घ्या.

पेशी रंगवताना लावलेली अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर ठेवायची असते; शुक्रवारी सुरू केलेत की शनिवार गेला. वर्तनाच्या प्रयोगात रोज तीच वेळ आणि हाताळणाराही तोच हवा, कारण अनोळखी माणसाने उंदरांवर ताण येतो आणि आकडे बिघडतात. म्हणून घरचे लग्न, गणपती हे कॅलेंडरवर आधी लिहा आणि प्रयोगाचा आठवडा त्यांना सोडून धरा. मध्येच मित्राला उभे करणे हा उपाय नव्हे.

संगणकीय कामात घरी बसता येते, पण ते आपणहून थांबत नाही. कामावरून उठायची वेळ ठरवून घ्या. भौतिकशास्त्र किंवा इंजिनिअरिंगकडून येणाऱ्यांना ही वाट जवळची.

पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरचे संशोधन) प्रबंध देण्याच्या वर्षभर आधी पत्रे लिहायला लागा. परदेशातून परतायचे असेल तर रामलिंगस्वामी आणि इंडिया अलायन्स या संशोधकांसाठीच्या फेलोशिपच्या पात्रतेच्या अटी तिकडे जाण्यापूर्वीच वाचा, आणि जोडीदाराच्या नोकरीचे व व्हिसाचे बोलणे होकार कळवण्याआधी करा.