‘पोहोच नाही’: जुनी शिडाची होडी घेताना मी कुठे फसलो

माझ्या होडीच्या सर्व्हे रिपोर्टमध्ये, म्हणजे विकत घेण्याआधी तज्ज्ञाने केलेल्या तपासणीच्या अहवालात, ‘पोहोच नाही, तपासले नाही’ हे शब्द चौदा वेळा आले आहेत. होडी घेतल्यावर सात महिन्यांनी, सीवूड्सच्या घरात जेवणाच्या टेबलावर, मुलीचा पिवळा हायलायटर घेऊन मी ते मोजले. सही करण्याआधी मोजले असते तर नऊ हजार डॉलर आणि एक आख्खा मोसम वाचला असता.

मी जहाजावर सेकंड इंजिनिअर. नवी मुंबईत दर दुसऱ्या सोसायटीत एक शिपवाला असतो, त्यातलाच एक. अठरा वर्षं समुद्रावर काढली, पण इंजिन रूममध्ये, म्हणजे समुद्र पाहिलाच नाही म्हणा ना. शिडाचं वेड चाळिशीत लागलं. एका मित्राच्या होडीवर क्रू कमी पडत होता, म्हणून नोव्हेंबर ते मे दर रविवारी हार्बर लोकल पकडून कुलाब्याला जायला लागलो. दुपारचा वायव्येचा वारा भरला की होडी कलते, इंजिन बंद असतं, आणि तरी आपण पुढे जात असतो. इंजिनवर पोट भरणाऱ्या माणसाला हा धक्काच होता.

शीट म्हणजे शीड नव्हे, दोरी, इतपत ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांना तेही माहीत नाही त्यांनी आधी दोन मोसम दुसऱ्याच्या होडीवर काढावेत. यूट्यूबवरची जोडपी पाहून होडी घेऊ नका. ती जोडपी चांगलीच असतात, पण कुजलेल्या प्लायवूडचा वास व्हिडिओत येत नाही.

लंकावी हे मलेशियाचं बेट १९८७ पासून करमुक्त आहे. पश्चिमेला निघालेले, थकलेले, भांडलेले, आजारी पडलेले कितीतरी लोक आपली होडी तिथेच विकून घरी जातात, म्हणून तिथे जुन्या होड्या पुष्कळ आणि भाव बरे. माझी १९९१ची, ३७ फुटी, युरोपातल्या एका मोठ्या कारखान्यात साच्यातून निघालेली. भाव एकतीस हजार डॉलर. बेत असा होता की ऑक्टोबरात घ्यायची, जानेवारीत ईशान्येचा वारा धरून अंदमान, तिथून श्रीलंकेला वळसा घालून कोची.

होडी पाहायला गेलो तेव्हा मी काय केलं, ते मुद्दाम सांगतो. साडेतीन तास इंजिन तपासलं. तेलाचा नमुना घेतला, हीट एक्स्चेंजरचं झाकण काढलं, एक्झॉस्टचा धूर पाहिला, थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होतं का ते पाहिलं. ब्रोकर कौतुकाने बघत होता. डेकवरून फेरी मारली ती दहा मिनिटांची, तीही बहुतेक फोटो काढण्यासाठी. मला जे येत होतं ते मी तपासलं आणि त्यालाच होडी तपासणं समजलो. डॉक्टर असता तर फर्स्ट एड बॉक्स तपासून आला असता, असं बायको अजून म्हणते.

सर्व्हेअर मात्र मी स्वतः नेमला होता, ब्रोकरने सुचवलेला नाही. तेवढं शहाणपण होतं. ब्रोकरने सुचवलेला सर्व्हेअर म्हणजे मुलीकडच्यांनी आणलेला ज्योतिषी, पत्रिका जुळणारच. माणूस प्रामाणिक होता. त्याने बावीस दोष लिहिले, मी ते बावीसच्या बावीस वाचले, त्यावर भाव पाडला आणि खूश झालो. त्याने जे पाहिलंच नव्हतं ते माझ्या नजरेला शिवलं नाही. चेनप्लेटसमोर त्याने स्पष्ट लिहिलं होतं: डेकवरचा भाग ठीक, लॉकरमागचा (केबिनमधल्या कपाटामागचा) भाग, पोहोच नाही.

आता ही चेनप्लेट. इथे जरा रेंगाळतो, चालवून घ्या.

डोलकाठी उभी असते ती बाजूच्या तारांच्या जिवावर. तार खाली जिथे होडीला धरते ती स्टेनलेसची पट्टी म्हणजे चेनप्लेट. माझ्या होडीत ती डेकमधल्या फटीतून आत उतरते आणि केबिनमधल्या आडव्या भिंतीला, बल्कहेडला, बोल्टने आवळलेली आहे. फटीत सीलंट भरलेलं असतं. होडी वाऱ्यावर कलली की पट्टी केसभर हलते, पुन्हा हलते, आणि दहाएक वर्षांत सीलंट सुटतं. दिसत नाही, पण सुटतं. मग पाणी आत येतं आणि तीन ठिकाणी काम करतं. एक, डेकच्या दोन फायबर थरांमध्ये बाल्साचं लाकूड असतं, ते भिजून चिखल होतं. दोन, पट्टीवरून ओघळून पाणी बल्कहेडच्या प्लायवूडमध्ये जिरतं. वरचं सागवानी पातळ पापुद्र्याचं अस्तर मात्र तसंच दिमाखात उभं. तीन, खुद्द पट्टी. स्टेनलेसला गंज लागत नाही तो त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा टिकायला प्राणवायू लागतो. ओल्या, दबलेल्या, खाऱ्या फटीत प्राणवायू पोहोचत नाही. तिथे धातूला खड्डे पडतात, चिरा जातात. म्हणजे डेकच्या वर पट्टी आरशासारखी, केबिनमध्ये आरशासारखी, आणि मधल्या दीड इंचात सडलेली.

हा प्रकार मी कूलरमध्ये, पंपाच्या शाफ्टवर शंभरदा पाहिलाय. जहाजावर क्लासचा, म्हणजे जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा, सर्व्हेअर आला की मशीन उघडून ठेवावं लागतं; न उघडता पास करा म्हणण्याची कोणाची छाती नसते. तोच मी, चार स्क्रूंचं लॉकर न उघडता एकतीस हजार डॉलर देऊन आलो.

डिसेंबरात दुसऱ्यांदा बाहेर काढली तेव्हा वारा वीस नॉटच्या आसपास होता. वाऱ्याकडची तार ताठ हवी, ती ढिली वाटली. मग खालून, लॉकरच्या मागून, ‘कट्ट’ असा आवाज आला. शिडं उतरवली, इंजिनवर परत आलो (ते मात्र झकास चाललं). लॉकर उघडून पेचकस टेकवला तर बल्कहेडमध्ये मुठीपर्यंत गेला. जोर लावावा लागला नाही. पट्टी बाहेर काढली आणि हातोडीचा एक टोला दिला, दोन तुकडे. भर समुद्रात, अंदमानच्या वाटेवर, हे झालं असतं तर काय, हा विचार मी अजूनही रात्री अर्धवट झोपेत करतो.

तर तुम्ही काय करायचं? रिपोर्ट हातात आला की दोषांची यादी बाजूला ठेवा आणि आधी न पाहिलेल्या जागांची यादी करा. प्रत्येक जागेसमोर तीनच प्रश्न: उघडायला काय लागेल, खर्च कोणाचा, आणि उघडल्यावर सर्वांत वाईट काय निघू शकतं. ऑफर देतानाच अट घाला की एक चेनप्लेट काढून दाखवायची, काढण्या-बसवण्याचा खर्च माझा. मालक खळखळ करेल. करू दे. लॉकरमध्ये हात घालून पट्टीच्या खाली बोटं फिरवा. तपकिरी ओघळ, मऊ लाकूड, ताजा रंग, तिन्ही वाईट, आणि ताजा रंग सगळ्यांत वाईट.

डेकसाठी गुरू मला उशिरा भेटला, आणि तोही घरापासून पंधरा मिनिटांवर. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे एक काका आहेत. मी ओलावा मोजायच्या मीटरबद्दल बोलत होतो, तर त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि उलथ्या होडीवर टकटक करत गेले. “टनटन वाजली तं बरी. बद्द वाजली का समजायचं, आत पानी हाय.” मीटर वाईट नाही, पण आतल्या बाजूला धातू असला किंवा बुडावर तांबं मिसळलेला रंग असला तर मीटर फसवतो, शिवाय होडी पाण्यातून नुकती काढली असेल तर आकडा विश्वासाचा नाही. नाणं फसवत नाही, कान मात्र तयार लागतो. ज्यांनी स्वतःच्या हाताने फायबर घासलंय अशा एका माणसामागे महिनाभर फिरा. भिंतीवर लावलेल्या सर्टिफिकेटांपेक्षा ते जास्त शिकवतं, हे माझं मत, आणि त्यावरून क्लबात माझं दोघांशी वाजलंय.

कील म्हणजे होडीच्या बुडाखालचा वजनदार पंखा, तिच्यामुळे होडी उलटत नाही. या कीलबद्दल लोक धर्मयुद्ध करतात. लांब कीलची जुनी होडीच घ्या, बाकी सगळी खेळणी, असं सांगणारे एक निवृत्त साहेब प्रत्येक क्लबात असतात. ते शिडाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्या अभिलाष टॉमींचं उदाहरण देतात. एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियमच आहे की होडीची रचना १९८८च्या आधीची, ३२ ते ३६ फुटी आणि लांब कीलची हवी. २०१८ला दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून, पाठीला जबर मार बसून ज्यांना वाचवून आणावं लागलं, तेच टॉमी पुढच्या शर्यतीत रस्टलर ३६ या लांब कीलच्या होडीवर गेले आणि एप्रिल २०२३मध्ये दुसरे आले. खरंच आहे. पण त्या शर्यतीतल्या होड्या निघण्याआधी पार उकलून पुन्हा बांधून काढतात, हे साहेब सांगत नाहीत.

बोल्टने बसवलेल्या कीलची भीतीही खोटी नाही. मे २०१४मध्ये ‘चीकी रफिकी’ ही ४० फुटी होडी अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना अटलांटिकमध्ये कील सुटून उलटली, चार माणसं गेली. ब्रिटिश चौकशीत निघालं की आधी ती तळाला घासली होती, आणि ते धक्के व नंतरच्या दुरुस्त्या यांनी कीलभोवतीचा सांगाडा कमजोर झाला असण्याची शक्यता आहे. म्हणून मालकाला विचारायचा प्रश्न कील कोणती हा नाही. “कधी टेकलीये का?” हा आहे. कील आणि बूड यांच्या सांध्यावर पुढच्या बाजूला हसल्यासारखी चीर दिसते का बघा, आणि आत फळ्या उचलून फायबरच्या फासळ्या बुडापासून सुटल्यात का तेही.

चार्टरला, म्हणजे पर्यटकांना भाड्याने, फिरलेली होडी स्वस्त मिळते. इंजिनचे तास जास्त, तळाला टेकण्याचे प्रसंग जास्त, केबिनी भरपूर आणि पाण्याची टाकी लहान. आठवड्याच्या सुट्टीसाठी बांधलेली असते ती. लांब पल्ल्यावर कललेल्या होडीत झोपता येईल अशी एक अरुंद जागा, केबिनभर हाताला धरायला कठडे आणि पाणी झटकन ओसरेल असं कॉकपिट (सुकाणू धरून बसायची उघडी जागा) लागतं. मोठा डबल बेड बंदरातच शोभतो.

होडी किती खवळलेल्या समुद्रासाठी बांधली आहे ते सांगणारी युरोपीय ‘श्रेणी ए’ची पाटी पाहून हुरळू नका. ए म्हणजे बोफोर्ट ८च्या (वाऱ्याच्या जोराच्या मापावर वादळी वाऱ्याच्या) वरचा वारा आणि ४ मीटरहून मोठ्या लाटा सोसेल अशी रचना, पण ती नवी असतानाची. युरोपात ही पाटी १९९८पासून सक्तीची झाली, त्यामुळे त्याआधीच्या होडीवर ती नसली तर काही बिघडत नाही.

डोलकाठीच्या तारा दहा-पंधरा वर्षं जुन्या असतील तर बदलायच्याच, चर्चा नको. पैसे किमतीतून वळते करा. बुडातले व्हॉल्व्ह साध्या पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी पडतो आणि हाताने मोडतो. सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवा, खडखडायला नको. इंजिनबद्दल मी काही सांगत नाही. पुरेशी शिक्षा झालीये.

एक सरळ धोक्याची सूचना. अशा होड्यांवर अनेकदा इरिडियमचा किंवा थुरायाचा सॅटेलाइट फोन तसाच सोडलेला असतो. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय तो घेऊन भारतीय बंदरात शिरू नका. फुकट मिळाला म्हणून आणलेला फोन थेट पोलीस ठाण्यात नेऊन बसवेल.

आणि घरी आणून ठेवणार कुठे, हे आधी ठरवा. मुंबई बंदरात उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं. माझ्या होडीचं बूड पाण्याखाली १.८ मीटर. बेलापूरच्या खाडीत ती ओहोटीला चिखलात आडवी होईल आणि वरून फ्लेमिंगो बघतील. गेटवेसमोर नांगरून ठेवली तरी पावसाळ्यापूर्वी उचलावी लागते. म्हणून मी निदान पहिली काही वर्षं कोचीच्या बोलगाटीचा धक्का धरून चाललोय, तिथे मरिना आहे.

पैशाचं माझं गणित एवढंच: हातात तीन रुपये असतील तर होडी दोन रुपयांची. तिसरा रुपया होडी आपणहून मागते, तुम्ही ठेवलेला असो वा नसो. मी ठेवला नव्हता, म्हणून पुन्हा जहाजावर कॉन्ट्रॅक्ट घेऊन तो कमावला.

घाबरवतोय असं वाटत असेल तर हेही सांगतो. नवं बल्कहेड मी स्वतः बसवलं, सहाही चेनप्लेट नव्या केल्या, आणि आता त्या होडीत अशी जागा नाही जिथे माझा हात गेलेला नाही. चूक सुधारता येते. फायबर फार क्षमाशील आहे, कुजलेलं कापून काढायची तयारी हवी. येत्या जानेवारीत पुन्हा अंदमानचा बेत आहे. बायकोने या वेळी “बघू” म्हटलंय, आमच्याकडे तो होकार असतो.

ठाण्याचा भाचाही आता होडी शोधतोय. काल त्याने त्रेचाळीस फोटो पाठवले. सूर्यास्ताचे नऊ. एका फोटोत, डाव्या लॉकरच्या दाराखाली, बोटभर तपकिरी ओघळ होता.

“मामा, ब्रोकर म्हणतोय लॉकर स्क्रूने बंद आहे, उघडायची गरज नाही.”

“स्क्रू किती?”

“चार.”

मी त्याला पेचकसाचा नंबर पाठवला. त्याच्या उत्तराची वाट बघतोय.