शेतकरी गटाच्या मदतीने सोयाबीनचे घरचे बियाणे
सोयाबीन हे स्वपरागसिंचित, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी फळणारे आणि त्यामुळे वाणाचे गुण टिकवणारे पीक असल्यामुळे त्याचे बियाणे दरवर्षी विकत घेण्याची गरज नसते. एकदा आणलेल्या प्रमाणित बियाण्यापासून मिळालेले धान्य पुढील दोन हंगाम बियाणे म्हणून वापरता येते. अल्पभूधारकाच्या दृष्टीने ही बचत मोठी असते, म्हणून गावातील शेतकरी गटाने पेरणीची घाई सुरू होण्याआधी, मे महिन्यातच, प्रत्येक सभासदाच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासून द्यावी.

त्यासाठी पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या भागातून थोडे थोडे बी काढून एकत्र मिसळावे आणि त्यातील १०० दाणे सरसकट मोजून घ्यावेत. टपोरे दाणे वेचण्याचा मोह अनेकांना होतो, आणि चाचणी तेथेच फसते. हे दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून, दुसऱ्या ओल्या गोणपाटाने झाकून त्याची गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून ओलावा टिकवावा आणि सात-आठ दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. ७० किंवा त्याहून अधिक कोंब निघाल्यास हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरते. थोडे कमी निघाल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे, मात्र फारच कमी निघाल्यास ते पेरू नये.

दाण्याचे आवरण नाजूक असते, त्यामुळे पोती आपटू नयेत. पेरणीपूर्वी प्रथम बुरशीनाशकाची आणि शेवटी रायझोबियमची (हवेतील नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंची) प्रक्रिया करून बी सावलीत सुकवावे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच तीन ते चार सेंटिमीटर खोलीवर पेरणी करावी.