‘पाकीट’ या शब्दाचे मूळ कसे शोधावे

शब्दाचे मूळ शोधायचे असेल, तर कोश उघडण्याआधी तो शब्द लोक कुठेकुठे वापरतात हे ऐकावे. परभणीकडच्या एखाद्या लग्नात आहेर लिहून घेणाऱ्याजवळ थोडा वेळ बसले, की ‘पाकीट’चे दोन अर्थ एकाच वेळी समोर येतात: पाहुणा चामड्याच्या पाकिटातून शंभराची नोट काढतो, तिला एक रुपयाची जोड देतो आणि ते पैसे नाव लिहिलेल्या कागदी पाकिटात घालतो. असे सगळे वापर वहीत टिपून त्यांतला समान धागा शोधावा.

मग शब्दाचे रूप तपासावे. ‘शरीर’ या तत्सम शब्दाचे ‘शरीरात’ होताना ‘री’ दीर्घच राहते. ‘पाकीट’चे मात्र ‘पाकिटात’ होते, जसे अरबीतून आलेल्या ‘वकील’चे ‘वकिलाला’ होते. म्हणजे हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला नाही. ‘तिकीट’ आणि ‘बिस्कीट’ यांच्या ओळीत तो बसवून पाहिला, की इंग्रजी ‘पॅकेट’ ओळखू येते. गठ्ठा या अर्थाच्या ‘पॅक’ला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून तो शब्द झाला, म्हणून त्याचा मूळ अर्थ लहानसा गठ्ठा. मला विशेष मोलाचे वाटते ते हे, की तोच शब्द आपल्याकडे दोनदा आला: आधी आपल्या कानाला जुळवून घेतलेले ‘पाकीट’ आणि नंतर दुकानात बिस्किटांसाठी मागतो ते ‘पॅकेट’. ‘पाक’ म्हणजे पवित्र, अशी केवळ उच्चारसाम्यावरची फोड मात्र करू नये.

शेवटी शेजारचे शब्द पाहावेत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथला कारभार उर्दूत चाले. त्यामुळे इथे कागदी पाकिटाला ‘लिफाफा’ म्हणणारी माणसे भेटतात, आणि तो शब्द गुंडाळणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे. ‘खिसा’ तर याहून बोलका आहे. फारसीत ‘कीसा’ म्हणजे पैशाची थैली; आज ज्या खिशात आपण पाकीट ठेवतो, त्याचे नावच एके काळी पाकिटाचे होते.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१ आणि १८५७ या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून असे शब्द पडताळावेत. मात्र कोशात शब्द नाही, म्हणून तो बोलण्यातही नव्हता असे धरू नये. त्यासाठी कनवटीला पैसे खोचणाऱ्या, बटव्याची दोरी ओढून तोंड आवळणाऱ्या घरातल्या आजीला विचारावे आणि ती सांगेल ते तिच्याच उच्चारात लिहून घ्यावे.